छोटी मंडळी, मोठा कारभार: प्रोटेस्टंट चर्च आतून कसे चालते

मराठी बोलण्यात 'मंडळी' म्हणजे जमलेली माणसे. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मूळ ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दासाठी हाच शब्द योजला आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणूस 'आमची मंडळी' असे म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे इमारतीच्या आधी दर रविवारी भेटणारे चेहरे येतात. बाहेरच्या माणसाला मात्र चर्च म्हटले की मनोरा, घंटा आणि पाळक एवढेच दिसते. त्यामुळे तिथले हिशेब कोण ठेवते, पाळकाला कोण बोलावते, छत गळू लागले तर निर्णय कोण घेते, आणि मंडळी इतकी लहान झाली की बैठकीला पुरेशी माणसेच जमत नाहीत तेव्हा काय होते, हे प्रश्न त्याला सहसा पडत नाहीत. या लेखात अशा लहान प्रोटेस्टंट मंडळीचे आतले काम आणि तिच्यापुढच्या आजच्या अडचणी समजावून घ्यायच्या आहेत. यातल्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी श्रद्धा कमी होणे हे कारण आहे असे सरसकट सांगितले जाते. माझ्या मते त्यांचे अधिक जवळचे कारण असे, की शंभर-दोनशे माणसांना गृहीत धरून रचलेली कार्यपद्धती वीस-पंचवीस माणसांच्या खांद्यावर येऊन पडली आहे.

'लहान' म्हणजे किती लहान, हे आधी पाहू. अमेरिकेत २०२० साली पंधरा हजारांहून अधिक प्रार्थनास्थळांची एक मोठी पाहणी झाली. त्यात सर्व धर्मांची स्थळे होती, तरी बहुसंख्य ख्रिस्ती मंडळ्याच होत्या. या पाहणीत साप्ताहिक उपस्थितीचा मध्यक ६५ निघाला; २००० साली तो १३७ होता. मध्यक म्हणजे सगळ्या मंडळ्या उपस्थितीच्या क्रमाने ओळीत उभ्या केल्या तर बरोबर मधोमध येणारी मंडळी. म्हणजे निम्म्या मंडळ्यांत ६५ पेक्षाही कमी लोक येतात. गंमत अशी की मंडळ्यांपैकी बहुतेक लहान असल्या, तरी उपासनेला जाणाऱ्या माणसांपैकी बहुतेक जण मोठ्या मंडळ्यांत जातात, कारण एका मोठ्या मंडळीत डझनभर लहान मंडळ्या सहज मावतात. म्हणूनच नियम, अर्ज, प्रशिक्षण आणि वार्षिक अहवालांचे नमुने मोठ्या मंडळीचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून तयार होतात, आणि लहान मंडळीला ते मोठ्या भावाच्या सदऱ्यासारखे ढगळ होतात.

आता मुळाकडे वळू, कारण प्रोटेस्टंट मंडळीत सामान्य सभासदावर एवढे काम का येते याचे उत्तर सोळाव्या शतकात आहे. प्रोटेस्टंट चळवळीला सुरुवात करणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने १५२० साली असे प्रतिपादन केले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस देवापुढे याजकच, म्हणजे धर्मगुरूच, आहे; पाळक आणि चांभार यांच्यात फरक आहे तो कामाचा, दर्जाचा नाही. यालाच सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण म्हणतात. तत्त्व म्हणून हे ऐकायला उदात्त वाटते, पण त्याची दुसरी बाजू व्यवहाराची आहे: सगळेच याजक असतील तर सगळ्यांनाच कारभारही पाहावा लागतो.

याचे एक सुरेख उदाहरण १५२३ सालचे आहे. सॅक्सनीतल्या लाइस्निग या गावच्या मंडळीने आपल्या पैशांसाठी एक सार्वजनिक पेटी ठेवायचे ठरवले आणि त्या नियमावलीला ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. पेटी सांभाळायला दहा कारभारी नेमायचे होते: दोन सरदारांपैकी, दोन नगरपरिषदेतले, तीन गावकरी आणि तीन शेतकरी. पेटीला चार वेगवेगळी कुलपे होती आणि या चार गटांकडे एकेक किल्ली होती, म्हणजे चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडणे शक्य नव्हते. पाळकाचे वेतन, शाळा, गरिबांना मदत आणि इमारतीची डागडुजी हे सगळे त्या एका पेटीतून भागवायचे होते. प्रत्यक्षात ही योजना रखडली, पण तिच्यामागची समजूत आजच्या प्रत्येक लहान मंडळीच्या खजिनदाराला ओळखीची वाटेल. पैसा सगळ्यांचा असेल तर तो एकट्याच्या हाती राहू नये, आणि एकट्यावर संशय घ्यायची वेळही येऊ नये, अशी ती समजूत आहे.

पुढे १५४१ साली धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने जिनिव्हातल्या मंडळीसाठी चार प्रकारचे सेवक ठरवले: उपदेश करणारे पाळक, शिकवणारे शिक्षक, शिस्त व देखरेख पाहणारे वडील आणि गरिबांची व आजाऱ्यांची काळजी घेणारे सेवक, म्हणजेच डीकन. आजच्या कारभाराच्या पद्धती ढोबळमानाने तीन आहेत. अँग्लिकन मंडळ्यांत बिशप असतात आणि पाळकाच्या नेमणुकीत त्यांचा मोठा वाटा असतो. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत निवडलेल्या वडिलांची समिती मंडळी चालवते आणि तिच्यावर पायरीपायरीने मोठ्या सभा असतात. बाप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःच अंतिम निर्णय घेते. या पद्धती एकमेकींत मिसळूही शकतात. १९४७ साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियात अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल अशा परंपरा एकत्र आल्या, त्यामुळे तिथे बिशपही आहेत आणि निवडून आलेल्या समित्याही आहेत.

हा सगळा तपशील कंटाळवाणा वाटेल, परंतु संकटकाळी तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. पाळकाशी मंडळीचे पटले नाही तर बिशपच्या पद्धतीत वर दाद मागता येते. स्वायत्त पद्धतीत मात्र मंडळीलाच मतदान करून तो प्रश्न मिटवावा लागतो, आणि पुढच्या रविवारी त्याच बाकांवर शेजारी बसावे लागते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक मंडळी घेऊ. सभासदांच्या यादीत साठ नावे आहेत. त्यातली दहा-बारा नावे अशांची, जे दुसऱ्या गावी स्थायिक झाले, पण आईवडिलांच्या अंत्यविधीला याच चर्चमध्ये येतात म्हणून त्यांचे नाव काढवत नाही. आठ-दहा जण वयोमानामुळे घराबाहेर पडू शकत नाहीत. रविवारी प्रत्यक्ष येणारे तीस, त्यात सहा लहान मुले. आता कामे मोजा: वाद्य वाजवणे, पवित्र शास्त्राचे वाचन, संडे स्कूल, अर्पण गोळा करून मोजणे, हिशेब, सभावृत्त, इमारतीची देखभाल, आजाऱ्यांच्या भेटी, महिला मंडळ, तरुण संघ, सणाच्या उपासनेची तयारी आणि वरच्या समितीवरचा प्रतिनिधी. जी बाई वाद्य वाजवते तीच सभावृत्त लिहिते, तिचा नवरा खजिनदार आहे, आणि त्यांची मुलगी संडे स्कूल घेते. हे घर एखाद्या रविवारी गावाला गेले तर उपासना होते, पण निम्मी मंडळी गप्प असते. असे काम करणारे लोक कधी तक्रार करत नाहीत, आणि नेमकी हीच अडचण आहे. एक दिवस ते थकून सगळेच सोडतात, तोपर्यंत कोणालाच त्यांच्या कामाचे वजन कळलेले नसते.

पैशाची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. काही देशांत मंडळीला करातून उत्पन्न मिळते. जर्मनीत नोंदणीकृत सभासदाच्या आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्च-कर सरकारी यंत्रणाच गोळा करते. बव्हेरिया आणि बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग या राज्यांत तो ८ टक्के आहे, इतरत्र ९. अशी व्यवस्था नसलेल्या बहुतांश जगात मात्र मंडळी स्वेच्छेने दिलेल्या अर्पणावर चालते. लहान मंडळीचा खर्च तिच्या आकाराच्या प्रमाणात कमी होत नाही. छप्पर तेवढेच मोठे असते, विमा तेवढाच, पाळकाचे वेतनही तेवढेच. उत्पन्न मात्र थोड्या घरांवर टेकलेले असते. शंभर घरांच्या मंडळीतून एक उदार घर गेले तर अंदाजपत्रक जरा हलते. पंधरा घरांच्या मंडळीतून गेले तर पाळकाच्या वेतनाचाच प्रश्न उभा राहतो. शिवाय देणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक असल्याने त्याच्या मताला बैठकीत नकळत जास्त वजन येते. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण छत बदलायचे की वाद्य घ्यायचे यावर चर्चा चालू असताना सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतात ते पाहिले की कळते.

अर्पण मोजण्याचा साधा नियम घ्या. उपासना संपल्यावर पैसे एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मिळून मोजावेत, आकडा कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, मगच रक्कम खजिनदाराकडे जावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि तो योग्यच आहे. पण ज्या मंडळीत निम्मे लोक एकमेकांचे काका, मावशी आणि व्याही आहेत, तिथे नात्यात नसलेले दोघे शोधणे हेच मोठे काम होऊन बसते. खजिनदाराच्या मेहुण्याने मोजले तर कोणी शंका घेत नाही, हे खरे. पण पुढे कधी हिशेबात तफावत निघाली तर त्या मेहुण्याला स्वतःची बाजू मांडायला काहीच आधार उरत नाही. लाइस्निगच्या चार किल्ल्यांचा उपयोग इथे कळतो: त्या पेटीइतक्याच कारभाऱ्याच्या अब्रूचीही राखण करत होत्या.

पैसा आणि आपुलकी यांचे नाते नेहमीच अवघड असते असे मात्र नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १७४२ साली मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या अनुयायांवर इमारतीचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि एकाने साधारण अकरा जणांकडून ती गोळा करावी, असे ठरले. ज्याला पेनी परवडणार नाही त्याची भर गोळा करणाऱ्यानेच घालायची होती. दर आठवड्याला घरोघर जाताना गोळा करणाऱ्यांना कळू लागले की कोण आजारी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण व्यसनाकडे वळला आहे. वेस्लीने हे पाहिले आणि वसुलीच्या त्या गटांनाच एकमेकांची आध्यात्मिक काळजी घेणाऱ्या वर्गांचे रूप दिले. मेथडिस्ट चळवळीचा कणा ठरलेली 'क्लास मीटिंग' अशी कर्जाच्या हप्त्यांतून जन्माला आली. बारा जणांचा गट ही काही मंडळीची दुबळी अवस्था नव्हती, मुद्दाम ठरवलेले माप होते, हे लहान मंडळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पाळकाचा प्रश्न पैशाशीच जोडलेला आहे. पूर्णवेळ पाळकाचा खर्च एका मंडळीला झेपेना झाला की दोन, तीन, कधी त्याहून अधिक मंडळ्या मिळून एक पाळक ठेवतात. मग तो एका ठिकाणची सकाळची उपासना आटोपून दुसरीकडे धावतो, आणि बाहेर पडताना दारात थांबून चार शब्द बोलण्याचा वेळ सर्वात आधी कापला जातो. उपदेश तोच असतो, तो पुन्हा देता येतो, पण अमक्याच्या आईचे गुडघे कसे आहेत ही विचारपूस पुन्हा देता येत नाही. उरलेल्या रविवारी प्रशिक्षण घेतलेले सामान्य सभासद उपदेश करतात. ब्रिटनमधल्या मेथडिस्ट मंडळ्यांत ही परंपरा फार जुनी आणि भक्कम आहे. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची, अडचण मात्र राहते, कारण बहुतेक परंपरांत ते दीक्षित पाळकानेच चालवायचे असते. म्हणजे भाकर आणि द्राक्षारस कोणत्या रविवारी मिळणार हे पाळकाच्या फेऱ्यांच्या वेळापत्रकावर ठरते. ब्रिटिश मेथडिस्ट मंडळीने यावर मार्ग काढला: जिथे पाळकांच्या कमतरतेमुळे लोक प्रभुभोजनापासून वंचित राहतात, तिथे ठरावीक सामान्य सभासदांना ते चालवण्याची अधिकृत परवानगी देता येते. ज्यांनी एकेकाळी सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण सांगितले, त्यांच्या वारसांना हे पाऊल टाकताना एवढा विचार करावा लागला, याची थोडी मौज वाटते.

२०२० नंतर आणखी एक प्रश्न आला. साथीच्या काळात उपासना फोनवर आणि संगणकावर गेली. घरी बसून स्वतःच्या ताटातली भाकर घेतली तर ते प्रभुभोजन ठरते का, यावर निरनिराळ्या परंपरांनी निरनिराळी उत्तरे दिली आणि तो वाद अजून पुरता संपलेला नाही. लहान मंडळीच्या दृष्टीने जमेची बाजू अशी की घराबाहेर न पडू शकणारे ते आठ-दहा जण पुन्हा उपासनेत आले. खर्चाची बाजू अशी की कॅमेरा धरणारा माणूसही त्याच तिसांतून काढावा लागला.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना सूर गंभीर ठेवावा लागतो. लहान मंडळीत 'आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो' हे वाक्य अभिमानाने म्हटले जाते, आणि याच वाक्याआड गैरवर्तन लपू शकते. म्हणून संडे स्कूलच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसे असावीत, ती एकाच घरातली नसावीत, आणि नेमणुकीपूर्वी चौकशी व्हावी, असे नियम आज अनेक चर्चसंस्थांनी घातले आहेत. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघटनेबाबत मे २०२२ मध्ये एका स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. प्रत्येक मंडळी स्वायत्त असल्यामुळे लैंगिक अत्याचाराच्या आरोपींची मध्यवर्ती यादी ठेवता येत नाही, अशी भूमिका तिथले नेतृत्व अनेक वर्षे घेत होते, तर आतल्या आत अशी यादी ठेवलीही जात होती, असे त्यातून उघड झाले. कारभाराची पद्धत हा कोरडा विषय नाही, असे वर म्हटले ते याचसाठी. दोन शिक्षकांचा नियम पाळायला माणसे पुरत नाहीत म्हणून तो शिथिल करण्याचा मोह लहान मंडळीला होतो. त्यापेक्षा त्या रविवारी वर्ग न भरवता मुलांना उपासनेतच बसवणे बरे.

भांडणे कुठे नसतात? पण मोठ्या मंडळीत रुसलेला माणूस दुसऱ्या वेळेच्या उपासनेला जाऊ शकतो. लहान मंडळीत उपासना एकच असते. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जिथे जमतात तिथे मी आहे, हे मत्तयच्या शुभवर्तमानातले येशूचे सांगणे कमी उपस्थितीच्या रविवारी दिलासा म्हणून हमखास ऐकू येते. अठराव्या अध्यायात त्याच्या आधी काय आहे हे मात्र क्वचित वाचले जाते. तिथे विषय भांडणाचा आहे: भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात सांगा, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या, तरीही नाही तर मंडळीपुढे आणा. ते दोघे-तिघे मूळ संदर्भात रिकाम्या बाकांचे सांत्वन करायला आलेले नाहीत, वाद मिटवायला आलेले आहेत. माझ्या अनुभवात लहान मंडळीत पहिली पायरी टाळून सगळे थेट तिसरीवर जातात, किंवा कोणत्याच पायरीवर न जाता वर्षानुवर्षे वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

काही वाद बाहेरून येतात. युनायटेड मेथडिस्ट चर्च या मोठ्या मेथडिस्ट संस्थेत समलिंगी विवाह आणि समलिंगी व्यक्तींना पाळक म्हणून दीक्षा देणे यांवरून अनेक वर्षे मतभेद होते. २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या सुमारे ७,६०० मंडळ्या, म्हणजे तिथल्या जवळपास एक चतुर्थांश, या संस्थेतून बाहेर पडल्या. या दोन्हींवर असलेली बंदी संस्थेच्या २०२४ च्या सर्वसाधारण परिषदेने उठवली. बाहेर पडायला सभेतल्या उपस्थित सभासदांपैकी दोन तृतीयांश मते लागत होती. पण कळीचा मुद्दा इमारतीचा होता. मेथडिस्ट परंपरेत स्थानिक मंडळीची मालमत्ता संपूर्ण संस्थेच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेली असते. ही तरतूद वेस्लीच्या काळापासून चालत आलेली आहे. त्यामुळे ज्या लोकांच्या आजोबांनी विटा वाहून चर्च बांधले, त्यांना ते आपल्या नावावर नाही हे मतदानाच्या वेळी कळले, आणि इमारत बरोबर नेण्यासाठी संस्थेची देणी व निवृत्तिवेतनाचा वाटा चुकता करावा लागला. तीस माणसांच्या मंडळीत एकोणीस विरुद्ध अकरा असे मत पडले तर ठराव फेटाळला जातो, पण त्यानंतर ती मंडळी एक उरते का, हा प्रश्न कोणत्याही नियमावलीत नाही.

नव्याने येणाऱ्यांबद्दलही सांगितले पाहिजे, कारण तरुण का येत नाहीत ही चिंता प्रत्येक बैठकीत निघते. लहान मंडळी नवख्याचे स्वागत अगदी मनापासून करते. तो पहिल्या रविवारी सगळ्यांच्या लक्षात येतो, दुसऱ्या रविवारी त्याचे नाव माहीत असते. अडचण नंतर येते. त्याला संडे स्कूल घ्यायला, खुर्च्या लावायला सांगितले जाते, पण निर्णयाच्या समितीत वर्षानुवर्षे तीच नावे राहतात आणि प्रत्येक सूचनेला 'आपल्याकडे असे कधी केले नाही' हे उत्तर मिळते. मग तो येईनासा होतो. ज्या मंडळ्या समितीवरच्या जागेला मुदत ठेवतात आणि निवृत्त होणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्याला सहा महिने बरोबर घेऊन काम शिकवावे असा रिवाज पाडतात, त्यांच्याकडे नवीन माणूस टिकण्याची शक्यता जास्त असते.

हे सगळे करूनही काही मंडळ्या बंद होतात किंवा शेजारच्या मंडळीत विलीन होतात. स्कॉटलंडच्या चर्चसारख्या मोठ्या संस्थाही अलीकडच्या वर्षांत योजना आखून मंडळ्या जोडत आहेत आणि इमारती सोडत आहेत. विलीनीकरणाच्या चर्चेत सर्वात जास्त वेळ तत्त्वांवर जात नाही. उपासना किती वाजता, कोणत्या इमारतीत, आणि कोणाचे स्तोत्रसंग्रह वापरायचे यावर जातो. बंद करायचे ठरले तर अखेरची उपासना ठेवली जाते, आणि त्याआधी कोणीतरी एक यादी करायला बसते: बाप्तिस्म्याचे पात्र कोणाला द्यायचे, प्रभुभोजनाचे प्याले कुठे जाणार, भिंतीवरच्या स्मृतिफलकांसाठी कोणत्या घरांना पत्र पाठवायचे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या वेगळ्या बांधून वरच्या कार्यालयाकडे किंवा अभिलेखागाराकडे पाठवाव्या लागतात, कारण पुढे पन्नास वर्षांनी एखादा नातू आपल्या आजीचा जन्म शोधत येतो तेव्हा त्याला इमारतीची नाही, त्या वहीची गरज असते. ही यादी बहुधा तीच बाई करते, जी वाद्य वाजवत होती आणि सभावृत्त लिहीत होती. शेवटच्या सभेचे वृत्तही तिच्याच हातचे असते, आणि त्यावर सही करायला मात्र नियमाप्रमाणे दुसरे कोणीतरी लागते.